हुकलेल्या अर्जाला गुण द्या, पण आधी रांग मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

म्हाडाच्या नाशिक मंडळाची सोडत निघाली की पाठोपाठ एक मागणी कानावर येते. पाच-सहा वेळा अर्ज भरून, अनामत गुंतवूनही ज्यांचे नाव लागत नाही, त्यांना पुढच्या सोडतीत अग्रक्रम मिळावा. दर हुकलेल्या अर्जामागे एक गुण द्यावा आणि जास्त गुणवाल्याला आधी घर मिळावे. मागणी रास्त आहे. ज्याची उमेदीची वर्षे अर्ज भरण्यात गेली त्याची आणि काल पहिल्यांदा फॉर्म भरणाऱ्याची चिठ्ठी एकाच डब्यात पडावी, हे मनाला पटत नाही. पण हा प्रयोग जगात नवा नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत मोठ्या जनावरांच्या शिकारीचे परवाने कित्येक वर्षे याच पद्धतीने वाटले जात आहेत. तिथे त्या गुणांचे पुढे काय झाले ते समजून घेतल्याशिवाय आपण हा नियम उचलू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

शिकारीचे नाव काढले म्हणून वाचकांनी दचकू नये. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. येवला तालुक्यात ममदापूरच्या माळावर काळवीट निर्धास्त चरते ते या कायद्यामुळे, आणि तो तसाच कडक राहिला पाहिजे. इथे मुद्दा वाटपाचा आहे: वस्तू थोडी, मागणारे फार, आणि प्रत्येकाला आपल्यावर अन्याय झाल्याची खात्री. शिवाय नाशिकची बरीच मुले आज डेन्व्हर, फिनिक्स, सॉल्ट लेक सिटीकडे नोकरीला आहेत. त्यातल्या काहींच्या घरी हा विषय प्रत्यक्ष निघतो, तेव्हा त्यांच्याही उपयोगाचे चार शब्द ओघात येतील.

तिकडे शिकारीला टॅग लागतो. टॅग म्हणजे एका जनावराचा परवाना. त्यावर जात, बहुधा नर की मादी, युनिट म्हणजे जंगलाचा ठरावीक पट्टा, तारखा आणि हत्याराचा प्रकार ठरलेला असतो. त्या पट्ट्यातल्या जनावरांच्या संख्येचा अंदाज घेऊन वन्यजीव खाते दरवर्षी टॅगची संख्या ठरवते. एल्क (आपल्या सांबराच्या कुळातले थोराड हरीण), म्यूल डिअर, प्रॉन्गहॉर्न, मूस आणि बिगहॉर्न मेंढा ही त्यातली मुख्य जनावरे. वन्यजीव ही राज्याने जनतेसाठी सांभाळलेली ठेव मानली जाते, म्हणून टॅगवर पहिला हक्क त्या राज्याच्या रहिवाशाचा. बाकी सारे, मग ते शेजारच्या राज्यातले अमेरिकन नागरिक का असेनात, नॉन-रेसिडेंट. मोंटाना राज्य एल्कसह अनेक जनावरांच्या एकत्रित परवान्यासाठी रहिवाशाकडून ३० आणि बाहेरच्याकडून २२५ डॉलर घेत असे. त्याविरुद्धचा दावा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७८ मध्ये न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला: हौसेची शिकार हा मूलभूत हक्क नाही, म्हणून राज्य असा भेद करू शकते. घर ही हौस नव्हे. हा फरक पत्र संपेपर्यंत लक्षात ठेवावा.

आता वायोमिंग राज्याचे गणित जरा जवळून पाहू, कारण गुणपद्धत कशी मुरडत जाते ते तिथे स्पष्ट दिसते. एखाद्या युनिटमध्ये मर्यादित कोट्याचे १०० एल्क टॅग आहेत असे धरा. त्यातले १६ बाहेरच्यांचे. या १६ चे पुन्हा दोन भाग होतात: ६० टक्के साध्या दराचे आणि ४० टक्के 'स्पेशल' दराचे. जनावर तेच, युनिट तेच, तारखा त्याच. फक्त साध्याला ६९२ डॉलर आणि स्पेशलला १,९५० डॉलर, वर १५ डॉलर अर्जाचे. जास्त पैसे भरणारे थोडे असतात, म्हणून तिकडे नाव लागण्याचा संभव बहुधा जास्त. साध्या दराचे उरले साधारण १०. त्यातले ७५ टक्के, म्हणजे सात-आठ, गुणानुक्रमे जातात आणि २५ टक्के, म्हणजे दोन-तीन, निव्वळ चिठ्ठीने. शंभराच्या आकड्यावर भुलून अर्ज करणारा प्रत्यक्षात सात-आठ टॅगच्या रांगेत उभा असतो. माहीतगार माणूस आधी हा शेवटचा आकडा काढतो आणि मगच युनिट निवडतो.

वायोमिंगचा गुण फुकट मिळत नाही आणि एल्क, डिअर व प्रॉन्गहॉर्नच्या बाबतीत अर्ज हुकला म्हणून आपोआपही जमा होत नाही. तो वेगळा विकत घ्यावा लागतो. खिडकी १ जुलैला उघडते आणि आपल्या दिवाळीच्या आसपास बंद होते. एल्कला ५२, डिअरला ४१, प्रॉन्गहॉर्नला ३१ डॉलर. मूस आणि बिगहॉर्न मेंढ्याला प्रत्येकी १५० डॉलर. एल्कचा अर्ज मात्र जानेवारीत, शेवटची तारीख फेब्रुवारीच्या आरंभी. निकाल मे महिन्याच्या सुमारास लागतो, आणि नाव न आल्याने हिरमुसलेला माणूस जुलैत पुन्हा साइट उघडायला विसरतो. नवख्यांचा गुण बुडतो तो बहुतेक इथेच. सलग दोन वर्षे ना अर्ज, ना गुण खरेदी असे झाले, तर आधीचे सगळे गुण रद्द होतात. २० वर्षे एल्कचे गुण घेत राहिले तर १,०४० डॉलर नुसत्या वाट पाहण्याचे होतात. परवान्याचे पैसे वेगळे.

कोलोरॅडोची रीत निराळी. तिथे शिकारीच्या प्रत्येक प्रकाराला एक हंट कोड असतो, म्हाडाच्या योजनेला संकेत क्रमांक असतो तसा. एल्कचा कोड 'ई' ने सुरू होतो, डिअरचा 'डी' ने, प्रॉन्गहॉर्नचा 'ए' ने. दुसरे अक्षर नर, मादी किंवा कोणतेही, मग तीन आकडी युनिट, मग हंगाम, शेवटच्या अक्षरावरून रायफल, धनुष्य की ठासणीची बंदूक ते कळते. अर्जात चार पसंती देता येतात, पण गुण खर्च होतात ते फक्त पहिल्या पसंतीवर. ज्याला यंदा शिकार नको, नुसता गुण हवा, त्याने पहिल्या पसंतीत 'ई-पी-९९९-९९-पी' हा एल्कचा गुणकोड टाकायचा. इथे एक उपयुक्त बारकावा आहे. पहिल्या पसंतीत गुणकोड आणि दुसऱ्या पसंतीत कमी मागणीचा एखादा टॅग टाकला, तर दुसरी पसंती लागूनही गुण वाढतोच. मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी तिथल्या रात्री ८ पर्यंत, म्हणजे नाशिकला बुधवारी सकाळचे साडेसात.

कोलोरॅडोत फसगत होते ती दोन ठिकाणी. एक, पहिल्या पसंतीचा टॅग मिळाला की सगळे गुण शून्य होतात, मग त्या टॅगला तीनच गुण पुरेसे असोत आणि तुमच्याकडे बारा असोत. उरलेले नऊ परत मिळत नाहीत. दोन, गटाने अर्ज केला की गटातल्या सर्वांत कमी गुणवाल्याचे गुण सर्वांना लागू होतात. बापाचे १० आणि मुलाचे शून्य असतील, तर कोलोरॅडोत दोघे शून्यावर. वायोमिंगमध्ये सरासरी काढतात, म्हणून तिथे तेच दोघे पाचावर. नियमातल्या एका शब्दाने दहा वर्षांची कमाई अशी इकडची तिकडे होते.

आता मुख्य दुखण्याकडे येऊ. तिथले लोक त्याला 'पॉइंट क्रीप' म्हणतात. म्हणजे तुमचा गुण दरवर्षी एकाने वाढतो, पण टॅगला लागणारे गुणही वाढत जातात. समजा, गुणानुक्रमाचे सात टॅग आहेत आणि सर्वांत वरच्या पायरीवर ७० माणसे उभी आहेत. ती पायरी रिकामी व्हायला १० वर्षे लागणार. त्यांच्यापेक्षा एकच गुण कमी असलेल्याला वाटते, आपला नंबर पुढच्या वर्षी. प्रत्यक्षात त्याचा नंबर ११ व्या वर्षी सुरू होतो, आणि त्याच्या पायरीवर १०० जण असतील तर त्यांचा निपटारा व्हायला आणखी १४-१५ वर्षे. जो आज पंचविशीत पहिला गुण घेतो आहे, त्याच्या वाट्याला अशा युनिटचा टॅग गुणानुक्रमे जन्मात येणार नाही. तरीही तो दरवर्षी पैसे भरत राहतो, कारण आधी भरलेले सोडवत नाहीत. कोलोरॅडोच्या वायव्य कोपऱ्यातली २, १० आणि २०१ ही एल्कची युनिटे या बाबतीत प्रसिद्ध आहेत. तिथे वीस-वीस वर्षांहून अधिक गुणांची गोष्ट चालते.

ही रांग का फुगते, याची कारणे आपल्यासाठी फार महत्त्वाची आहेत. पहिले कारण, ज्यांना यंदा टॅग नकोच आहे तेही रांगेत उभे राहतात, कारण गुण टॅगच्या मानाने स्वस्त आहे. मुलगा १२ वर्षांचा झाला की बाप त्याच्या नावाने गुण साठवू लागतो. दुसरे कारण अनामतीचे. पूर्वी कोलोरॅडोत अर्जासोबतच परवान्याची पूर्ण रक्कम भरावी लागे. बाहेरच्या माणसाला मूस किंवा बिगहॉर्नसाठी दोन हजार डॉलरहून जास्त पैसे काही महिने अडकवावे लागत. २०१८ मध्ये ही अट काढली. हेतू चांगला होता, पैसे नसलेल्यालाही अर्ज करता यावा. पण अट जाताच अर्जांचा लोंढा आला, आणि वर्षानुवर्षे पैसे अडकवून गुण जमवलेल्यांची रांग एका हंगामात लांबली. पुढे खात्याला मूस, मेंढा आणि माउंटन गोट यांच्या गुणांसाठी वेगळी फी लावावी लागली, आणि अर्जापूर्वी एक पात्रता-परवाना, म्हणजे दुसरा एखादा साधा शिकार परवाना, घेणे सक्तीचे झाले.

हा पात्रता-परवाना नुसता गर्दी रोखण्यासाठी नसतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर केंद्रीय कर बसतो, आणि तो पैसा राज्यांना वाटताना निम्मा हिशेब क्षेत्रफळावर, निम्मा परवानाधारकांच्या संख्येवर होतो. परवाना जास्त लोकांनी घेतला की राज्याच्या वाट्याला वन्यजीवांसाठी पैसा जास्त. ॲरिझोनातही बाहेरच्याला अर्ज करण्यापूर्वी १६० डॉलरचा परवाना घ्यावाच लागतो, टॅग मिळो न मिळो. म्हणजे गुणपद्धत चालू ठेवण्यात खात्याचाही जीव गुंतलेला असतो, आणि ती एकदा सुरू झाली की मोडता येत नाही. ज्याने १८ वर्षे भरणा केला त्याला 'उद्यापासून पुन्हा चिठ्ठ्या' असे कोण सांगणार? म्हणून कोलोरॅडोच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ आयोगाने मधला मार्ग काढला आहे: २०२८ पासून एल्क, डिअर, प्रॉन्गहॉर्नचे निम्मे टॅग गुणानुक्रमे आणि निम्मे अशा सोडतीने, जिथे जास्त गुण म्हणजे जास्त चिठ्ठ्या. जास्त गुणांना जास्त चिठ्ठ्या देणारी सोडत नेवाडात आधीपासून आहे. तिथे गुणांचा वर्ग करून त्यात एक मिळवतात. ५ गुण असतील तर २६ चिठ्ठ्या. नव्या माणसाची एक चिठ्ठी डब्यात असतेच. न्यू मेक्सिको आणि आयडाहो यांनी गुणांची भानगडच ठेवली नाही. न्यू मेक्सिकोत ८४ टक्के टॅग रहिवाशांना, १० टक्के आउटफिटरसोबत (शिकारीची सोय करणाऱ्या व्यावसायिकासोबत) करार केलेल्यांना आणि ६ टक्के बाकीच्यांना, सगळे चिठ्ठीने. ज्याला पहिल्याच वर्षी संधी हवी त्याने तिकडे अर्ज करावा, हेच व्यवहाराचे.

तिकडच्या मुलांसाठी तीन गोष्टी सांगतो, कारण त्या हुकल्या तर नुकसान पैशापुरते राहत नाही. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणे हा त्याला एक अपवाद आहे. परवान्याची मुदत संपली आणि मित्राची रायफल गाडीत राहिली, तर प्रकरण थेट व्हिसावर येऊ शकते. दुसरे, हंटर एज्युकेशनचा, म्हणजे सुरक्षित शिकारीच्या शिक्षणाचा, कोर्स आधी करावा. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतो, वायोमिंगमध्ये १ जानेवारी १९६६ ही तारीख आहे. तिसरे, वायोमिंगमधल्या केंद्राने घोषित केलेल्या वाइल्डरनेस क्षेत्रात (मुद्दाम निर्जन राखलेल्या रानात) बाहेरच्याला मोठ्या जनावराची शिकार गाइडशिवाय किंवा रहिवासी सोबत्याशिवाय करता येत नाही. दहा वर्षांचे गुण उधळून टॅग मिळवायचा आणि मग नकाशा उघडल्यावर अर्धे युनिट वाइल्डरनेसमध्ये निघायचे, असे होऊ नये. नकाशा अर्जाच्या आधी पाहावा. आणि रहिवासी कोण, याची मुदत राज्यागणिक वेगळी: कोलोरॅडोत सलग सहा महिने, वायोमिंगमध्ये पूर्ण वर्ष. जो कोलोरॅडोत राहायला जाणारच आहे त्याने घाईने नॉन-रेसिडेंटचा महाग परवाना घेऊ नये.

आता परत नाशिककडे. म्हाडाने हुकलेल्या अर्जाला गुण द्यावेत, असेच माझे मत आहे. पण सगळी घरे गुणानुक्रमे देऊ नयेत. तसे केले तर नुकतेच लग्न झालेल्या, सिडकोत किंवा सातपूरला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या जोडप्याला पहिली दहा वर्षे दारच बंद होईल. किमान चौथा हिस्सा निव्वळ चिठ्ठीने राहू द्यावा, आणि माझ्या मते निम्मा. गुण माणशी न देता कुटुंबाला द्यावा. नाहीतर नवरा, बायको आणि मुलगा अठराचा झाला की मुलगा, असे तिघे वेगवेगळी रांग लावतील. अत्यल्प उत्पन्न गटात जमवलेला गुण पगार वाढून अल्प गटात गेल्यावर चालेल की नाही, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवावे, कारण ही गोष्ट दहा वर्षांत हजारो घरांत घडणार आहे.

घर लागूनही जो ते परत करतो, त्याच्या गुणांचे काय? कोलोरॅडोत मुदतीत टॅग परत करणाऱ्याला पैसे किंवा गुण यापैकी एकच मागता येते. आपल्याकडे ताबा लांबला, कर्ज नामंजूर झाले, इमारत प्रत्यक्षात जाहिरातीसारखी निघाली नाही, अशी खरी कारणे असतात. तिथे गुण परत मिळालेच पाहिजेत. मात्र नुसता मजला आवडला नाही म्हणून सोडणाऱ्याचे गुण जावेत. अनामतीबद्दल २०१८ चा धडा दोन्ही बाजूंनी कापतो. अनामत काढली तर ज्यांना घर नकोय तेही गुण साठवायला येतील. ती वाढवली तर ज्याला घराची खरी निकड आहे त्याच्याच खिशाला ती बोचेल. टॅगच्या बाबतीत महाग रांग चालून जाते, कारण तो हौसेचा मामला. घराच्या बाबतीत 'स्पेशल' दराची रांग कुणी सुचवलीच, तर नाशिककरांनी ती तिथल्या तिथे फेटाळावी. गर्दी रोखायचा दुसरा रस्ता आहे: पात्रतेची कागदपत्रे, म्हणजे अधिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला, गुण जमा करतानाच तपासावीत. सोडतीच्या वेळी अपात्र ठरणारा माणूस चार वर्षे रांगेत उभा राहून मागच्यांना अडवणार नाही.

पुरवठ्याचाही प्रश्न आहेच. चार हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पातली २० टक्के घरे सर्वसमावेशक योजनेत यायला हवीत. ती किती येतात यावर रांगेचा वेग ठरणार. सात टॅगच्या युनिटमध्ये गुणांची कितीही सुंदर पद्धत आणली, तरी टॅग सातच राहतात.

आणि एक गोष्ट गुणपद्धतीची वाट न पाहता आजच करता येण्यासारखी आहे. कोलोरॅडोत सोडत झाली की प्रत्येक हंट कोडचा तक्ता प्रसिद्ध होतो: शून्य गुणवाले किती, एक गुणवाले किती, दहा गुणवाले किती, त्यातल्या कितींना टॅग मिळाला, रहिवासी किती, बाहेरचे किती, आणि टॅग कोणत्या पायरीवर संपले. कुणाचेही नाव नसते, नुसते आकडे. अर्जदार घरी बसून आपली पायरी शोधतो आणि या युनिटच्या मागे लागायचे की सोपे युनिट धरायचे ते ठरवतो. म्हाडाची सोडत संगणकावर होते, अर्ज ऑनलाइन येतात, पॅन आणि आधार जोडलेले असतात. मागच्या सोडतींतल्या प्रत्येक संकेत क्रमांकाला किती कुटुंबांनी अर्ज केले, आणि त्यातली किती पहिल्यांदा, किती दुसऱ्यांदा, किती पाचव्यांदा अर्ज करत होती, हा तक्ता नाशिक मंडळाने पुढच्या जाहिरातीच्या आधी प्रसिद्ध करावा.

आपला नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक